हरेश्वरचं तीन सेंटचं तिकीट

तुम्हाला म्हणून सांगतो, हरेश्वरला कळू देऊ नका. त्यालाही माझ्यासारखाच जुन्या अमेरिकन टपाल तिकिटांचा नाद. मी बोईसरच्या कारखान्यात कापडाच्या रंगछटा जुळवतो, म्हणून तिकिटाच्या रंगाबाबत तो माझाच शब्द मानतो. एका रविवारी तो एडवणहून तीन सेंटचं तिकीट घेऊन आला.

"बग रे, हा साधा गुलाबी, का तो दुर्मिळवाला?"

दुर्मिळच होता! वरचा निळा गोल शिक्काही अस्सल. असं तिकीट मी पंधरा वर्षं शोधत होतो आणि ह्याला रद्दीत सापडलं. माझा नुसता जळफळाट झाला.

"साधाच हाय," मी म्हणालो.

"मंग तूच ठेव. तुज्याकडं हा रंग नाय ना?"

मी घेतलं. आता तो घरी आला की अल्बमचं ते पान मी चटकन उलटतो.