दुमडलेलं बोट

दादाची ढोलकी आता कोण वाजवणार? श्रावणात माझा मोठा भाऊ गेला, तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच विचारत होतो.

दिवाळीला कापड विणायचे लूम बंद असले की आमच्या भेस्तानच्या चाळीत गाणी रंगतात. यंदा आमच्याकडे कढई चढली नाही, म्हणून शेजारीच फराळाची ताटं घेऊन आले. शेजारच्या नानांनी खिळ्यावरून दादाची ढोलकी काढून थाप मारली, तशी दादाची तीन वर्षांची चिमी त्यांच्या मांडीत घुसली आणि स्वतःच वाजवू लागली. ठेका बरोबर होता; त्यावर सगळ्यांनी गाणं धरलं. फक्त करंगळीजवळचं बोट तिने आत घट्ट दुमडलं होतं.

"बोट दुखतं का, बाई?" नानांनी विचारलं.

"नाही. ढोलकी अशीच वाजवतात."

गाणं जागेवर थांबलं. दादाचं तेच बोट लूममध्ये तुटलं होतं, चिमीच्या जन्माआधी. वहिनीने पदर तोंडात कोंबला.

"सरळ कर गं ते बोट," मागून कोणीतरी म्हणालं.

"तिच्या बोटाला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणालो.

सकाळी इच्छापोरला कामावर परत निघण्याआधी मी ढोलकीचा खिळा उपटला आणि चिमीचा हात पोचेल इतका खाली ठोकला.