शेवटची फेरी

सरकारी कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक नाट्यदिग्दर्शिका आणि निवृत्त बसचालक बोलत बसले होते.

"प्रायोगिक नाटक, प्रेक्षक जेमतेम वीस. मग सरकारने अनुदान का द्यावं?"

"काका, तुमची बस कधी रिकामी धावली?"

"शेवटच्या फेरीला रोज. टेकडीवरची एक नर्स तेवढी असायची."

"डिझेल तरी सुटायचं?"

"छे! पण बस बंद केली असती, तर ती बिचारी घरी कशी गेली असती?"

"मग आमच्या वीस जणांनी कुठे जायचं?"

"हं... आता बोललात!"

तिला आत बोलावलं. ती परतली ती हसतच.

"मंजूर झालं, काका! नाटक उभं राहणार."

"मग माझी पुढची सीट ठेवा."

"आमच्याकडे खुर्च्या नसतात हो. जमिनीवर बसावं लागेल."

"बसतो की! जन्मभर सीटवरच बसलोय."