रविवारचा फोन

— नाही हो बाई, तुमच्या इंग्रजीच्या क्लासवर कसला राग? तुम्ही छानच शिकवता. बसा ना, त्या पँटी सरकवा बाजूला, झिपा बदलायच्यात त्यांच्या. माझे गुडघे दुखतात म्हणून येत नाही, बाकी काही नाही. आणि या वयात डोक्यात शिरतं कुठे? — शिरलं होतं म्हणा. रोजचं ते साधं, आत्ता चाललंय ते चालू. आय स्टिच. आय ॲम स्टिचिंग. मशीन मारता मारता घोकायचे मी, गिऱ्हाईकं हसायची — आजी, परदेशी निघालात वाटतं? हसेनात का. मला कुठे साहेबीण व्हायचं होतं? नातीशी बोलायचं होतं, बास.

तिला आपलं बोलणं येत नाही ना. सून माझ्या मुलापासून वेगळी झाली, लेकराला घेऊन लांब गेली, तेव्हा चिमणी एवढीशी होती — इथलं सगळं विसरली. पण दर रविवारी फोन करायची हं, स्वतःहून. मी आपली चार वाक्यं तयार ठेवायची — तू काय करतेयस, तू रोज शाळेत जातेस का. ती सांगायची, मला निम्मं कळायचं, उरलेलं तुमच्या नियमाने निभावायचं. तुमचाच ना नियम, कुणी गप्प बसायचं नाही, अडलं तरी हसून यस, व्हेरी गुड म्हणायचं, म्हणजे समोरचा बोलत राहतो? राहायची की ती बोलत. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मागच्या महिन्यात ती बरंच बोलली — जपून जपून. मी म्हटलं, यस, व्हेरी गुड. तिने पुन्हा विचारलं, अगदी तुम्ही आम्हाला विचारता तसं हळू. मला वाटलं, बक्षीस-बिक्षीस मिळालं असेल शाळेत. मी आणखी जोरात — यस, यस, व्हेरी गुड. मग नुसतं बाय. मी खुशीत वळते तर मुलगा दारात उभा, नुकता कामावरून आलेला, डबा हातात तसाच — फोन स्पीकरवरच असतो माझा, त्याने ऐकलं होतं. म्हणाला, आई, तुला कळलं का ती काय म्हणाली? — तिच्या आईने दुसरं लग्न केलंय, तिथे नवी आजी आहे, रविवारी सगळे तिच्याकडे जातात. पोर विचारत होती, मी आता फोन नाही केला तर चालेल का तुला? खरंच चालेल?

मुलाने लगेच फोन लावला. सून म्हणाली, रडून रडून झोपलीय ती. धीर करून विचारलं तिने, आईच दोनदा हो म्हणाल्या, आता पुन्हा ओढाताण नको लेकराची. अजून आई म्हणते मला. आणि बरोबरच आहे तिचं — तोंड माझंच, बोल कुणाला लावू? तेव्हापासून जीव नुसता तुटतोय बघा.

अहो, तुम्ही का रडताय? पुसा डोळे. बरं, एक सांगा, मला कळलं नाही, हे कसं म्हणायचं हो? … आय डोन्ट अंडरस्टँड. हं. एवढंसंच होय. — शिकवलं होतंत? असेल, माझ्या तोंडात यसच बसलं होतं.

तो दोरा द्या इकडे, आणि निघा आता. नाही, चहा पुढच्या वेळी. आज रविवार ना — तिच्या फोनच्या वेळेला घरात दुसरं कुणी बोललेलं मला चालत नाही.