बेचाळीस वेळा

—नाही, बसू नकोस भार्गवी, कॉफीबिफी काही मिळणार नाही आज. हा घे तुझा पेजर आणि ही तुझी वही. अभ्यास तुझा, आणि आठवडाभर गळ्यात मारलंस माझ्या — दिवसातून सहा वेळा कधीही वाजेल, वाजला की त्या क्षणी मनात काय होतं ते लिहा काकू, खरं तेच लिहा. लिहिलं! शिवाजीनगरच्या बसस्टँडवर वाजला, तर भाजीची पिशवी खाली ठेवून लिहिलं, लोक वळून बघत होते. आणि काय लिहिलंय? वाच ना. घेवडा महाग लावला. नळ गेला. गंगव्वा भांडी नीट घासत नाही. उजवी टाच दुखते. बेचाळीस वेळा वाजला मेला, मी मोजलंय — आणि माझा शार्दूल एकदाही नाही! एकदाही नाही गं!

होसकोट्याच्या रस्त्यावर त्याची स्कूटर लॉरीखाली गेली, त्याला तीन वर्षं होतील आता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते — ह्यांना, मंडळातल्या बायकांना, तुझ्या आईलासुद्धा — की एक क्षण जात नाही त्याच्या आठवणीवाचून. खोटं सांगत होते का? मुळीच नाही! माझ्या मनातलं मला नाही कळणार, तर कुणाला कळणार — तुला? तुझ्या त्या प्रोफेसरांना? यंत्रच बिघडलंय तुझं, नेमकं नको तेव्हा वाजतं. — काय म्हणालीस? सगळ्यांचं असंच होतं? मला सगळ्यांचं सांगू नकोस! पाच वेळा टाच आहे त्या वहीत भार्गवी, पाच वेळा, आणि पोटचं पोर नाही!

कुठे? शेवटच्या पानावर? हो, आहे. सहा वेळा आहे त्याचं नाव. ते कालचं. पेजर वाजला तेव्हा मनात होतं, इडलीचं पीठ फुगलं की नाही. ते खोडलं आणि शार्दूल लिहिलं. मग पुन्हा वाजला, पुन्हा लिहिलं — सहाही वेळा. आणि लिहिताना काय वाटत होतं, तेही ऐक, तुला हवंच असतं ना — वाटत होतं, भार्गवी वाचेल तेव्हा बरं दिसेल. बरं दिसेल! स्वतःच्या मुलाचं नाव लिहिताना!

अशी बघू नकोस माझ्याकडे. रडत नाहीये मी, राग आलाय मला. रागच आहे हा. — आहे ना? तू शिकलीस ना एवढं, सांग की! ... नको. नको सांगूस. सरी, ठीक आहे, नीघ आता. दार ओढून घे जाताना.