चाकापाशी तेलाचा डाग

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघणाऱ्या मास्तरीणबाईंनी पेपर वर धरला, पण कान शेजारी मिस्त्रीशी बोलणाऱ्या नवरा-बायकोकडे होते.

"साहेब, टर्बोचा पाइप बसवला. गाडी आता पळेल बघा."

"पळून काय उपयोग? ब्रेक ऑइल गळतंय ना! पुढच्या चाकापाशी हा एवढा डाग. अशा गाडीने सासुरवाडीला कसं जायचं?"

"ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरलीय. पाइपही कोरडे आहेत."

"मग हा डाग कसला हो, दादा?"

"तुम्हीच वास घ्या, ताई."

"अगंबाई, हे तर आमचं गोडं तेल! तरीच म्हटलं, बाटली अर्धी कशी झाली. अहो, बसा गाडीत. आई वाट बघतेय."

"मिस्त्री, मागची चाकंही एकदा बघा ना."

"का? तिथेही ओतलंत?"