पहिल्या दिवशीची सलाइन

तुम्ही पहिल्या दिवसाचं विचारताय म्हणून सांगते. तेलंगणात, आदिलाबादला एका दवाखान्यात माझी इंटर्नशिप सुरू झाली. वॉर्डात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून मोठ्या मॅडम म्हणाल्या, "त्या बाबांची बायको गेली. तू सांग."

बाबा बाजारहत्नूरकडचे. मी कसंबसं सुरू केलं, "बाबा, आजींना आमी..."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "हात थंडा पडला तवाच समजलो. फक्त ते काढलेलं सलाइन परत लावून द्या."

"काऊन?"

"जीपवाला मेलेलं माणूस नेत नाई. बिमार म्हन्लं तर नेते. घरी लेकी वाट पाहून राह्यल्या."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी काढलेली नळी आजींच्या हातावर पुन्हा चिकटपट्टीनं लावली. इंटर्न म्हणून मी लावलेली पहिली सलाइन ती.

जीपमध्ये आजींचं डोकं मांडीवर घेऊन, एका हातानं बाटली उंच धरून बाबा बसले. ड्रायव्हरनं विचारलं, "आजी कशी हाय?"

"झोपली हाय," बाबा म्हणाले.

जीप निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, गाव येईपर्यंत त्यांना रडताही येणार नव्हतं.