लाल मोहाची पहिली धार

…नाई नाई, तुमी हसू नका जी! हसाचं काम नाई हे! अस्वल म्हटलं का हसता, मोह म्हटलं का हसता… अरे भाऊ हो, माह्या इज्जतीचा सवाल होता तो! आन इज्जत कायची? जिभेची! माह्या आज्याची जीभ, मंग बापाची जीभ, आन आता ही माही. आरमोरीपासून तीन कोसावर आमचं गाव. तिथी मोहाची नवी धार निघाली का पळसाच्या पानाचा पहिला दोना या लटारूच्या हातात, हा रिवाजच आहे. मी दोन थेंब भुईले देतो, वाडवडलाईच्या नावानं, बाकीची जिभेवर घेतो आन डोळे मिटून सांगतो, फूल कोनाचं, पाणी विहिरीचं का नाल्याचं, आन जाळ लावताना बाईचं ध्यान कुठी होतं! ही जीभ आहे भाऊ, चपलेचा तळ नाई!

तं पहिलं इलेक्शन झालं, त्याच्या दुसऱ्या साली आमच्या गावात आले गुणवंतराव ठेकेदार. अंगात कोट, वैशाखाच्या उन्हात कोट, सांगा आता! सरकारी ठेका घेतला, नवी भट्टी टाकली, तांब्याच्या नळ्या, लाकडाची पिंपं, भल्ला थाट! आन दवंडी काय देल्ली? तं म्हणे, आमची दारू लाल! लाल? मोहाची? अरे बाप्पा, जनम गेला पेता पेता, मोहाची धार पाण्यावानी पांढरी असते, लाल कुठी पाह्यली कोनं? पण तुमाले सांगतो, पिंपाची तोटी उघडली आन खरंच लाल! कुंकवावानी!

मी पुढं झालो, हात पसरला. दोना द्या म्हटलं. तं ठेकेदार असं नाक वर करून म्हणते, "हे पहिला दोना वगैरे इथं चालायचं नाही हं. पहिला पेला मी घेणार. यात विलायती मसाला आहे, खेड्यातल्या जिभेला काय कळतंय त्यातलं?"

खेड्यातल्या जिभेले!… सारं गाव उभं, बाया उभ्या, लेकरं उभी, आमचा कोलू उभा. कोलू म्हणजे गोंडाईतला म्हातारा, मोहाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे कोरट. आन त्याच्यासमोर मले असं! माह्या तोंडातून निघून गेलं, "ठेकेदार, मसाला सांगतो आन फूल बी कोनाच्या झाडाचं ते सांगतो! नाई सांगतलं तं जनमभर ताक पेईन!"

आता ताक! बोलून तं बसलो! कोलू म्हणे, "कबूल! सांगतलं तं पहिला दोना जनमभर लटारूचा. नाई तं ताक." झालं! कोरटाचा निकाल!

तेवढ्यात मागून कोन सदरा ओढून राह्यलं? तं आमची सुगंधा! "घरी चला जी! नका पेऊ ते लाल! मले त्याचे लक्षण ठीक नाई दिसत." म्या म्हटलं, पाहा, नवऱ्याच्या जिवाची किती कायजी बाईले! डोळ्यात पाणी आलं भाऊ माह्या.

पण थांबा, अस्वलाचं सांगाचं राह्यलंच. माह्या शेताच्या बांधावर मोह आहे, बापाच्या वेळचा. आता गावातले लोक काय करतात, फूल वेचाच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे फूल साफ दिसते. माह्या बापानं कधी जाळ लावू देल्ला नाई. आमच्या झाडाखाली शेणानं सारवतात, आंगणावानी! सारवते सुगंधा. पण त्या चैतात पाहा, मी उठून, तोंड धुवून, तंबाखू मळून जातो तं भुई साफ! एक फूल नाई! सुगंधा म्हणे, "आजबी अस्वल येऊन गेलं जी." महिनाभर! म्या त्या अस्वलाले बांधावर उभं राहून शिव्या देल्ल्या, जंगलाच्या नाकेदाराकडं तक्रार केली, नाकेदार म्हणे पायाचे ठसे दाखव. ठसे कुठी? सारवण जसंच्या तसं! मले वाटलं, काय सुधारलेलं अस्वल आहे!

असो. दोना भरला. दोन थेंब भुईले देल्ले, मनात म्हटलं, बाबा, आज जीभ सांभाळजो! आन घोट घेतला… अरे बाप्पा बाप्पा बाप्पा! कान तापले, टोपी वर उचलली का काय वाटलं! जोरदार! पण जीभ म्हणे, थांब लटारू, घाई नको. आन मंग हळूच तोंड आतून ओढाले लागलं… हे असं, पान खाल्ल्यावर ओढते तसं… म्या डोळे मिटूनच म्हटलं, "ठेकेदार, विलायती गेलं खड्ड्यात! ही कात निघते त्या खैराची साल आहे! पिंपात खैराची साल टाकून ठेवली तुमी!"

ठेकेदाराचा चेहरा असा उतरला! कोट बी सैल झाला त्याचा! लोकं वरडले, "वा रे लटारू!" ही जीभ आहे भाऊ, चपलेचा तळ नाई!

कोलू म्हणे, "आन फूल? फूल कोनाचं गा?"

सुगंधा मागून, "झालं न आता! एक सांगतलं तं पुरे! ताक का वाईट असते काय?" म्या म्हटलं, चूप वो, खानदानाचा सवाल आहे! दुसरा घोट घेतला. घोळवला. काहीतरी कमी होतं त्यात. काय कमी? काय कमी?… राख! राखेचा वासच नाई! गावच्या साऱ्या फुलाले जळक्या पाल्याचा वास असते, आन याले नाई! म्हणजे हे फूल जाळलेल्या भुईवर पडलंच नाई! हे पडलं सारवणावर! आन साऱ्या पंचक्रोशीत झाडाखाली सारवते कोन?

म्या उडीच मारली! छाती ठोकून वरडलो, "हे फूल माह्या मोहाचं! माह्या! लटारूच्या बांधावरचं!"

ठेकेदारानं कपाळाचा घाम पुसला आन म्हणते, "बरोबर आहे. मान गये. रोज सकाळी वहिनीच टोपली भरून आणून देत होत्या."

लोकाईनं मले खांद्यावर घेतलं, टोप्या उडवल्या, डफ वाजला… मी वर, खांद्यावर, राजावानी! आन वर बसल्या बसल्या मले समजलं का मी काय बोललो. खाली कोलू विचारून राह्यला, "का गा लटारू, तुह्यं अस्वल लुगडं नेसून येत होतं काय?"

सुगंधा घाबरली असंन म्हणता? कमरेवर हात ठेवून उभी! "मंग काय करू? घरी ठेवलं तं तुमी चाखून चाखूनच संपवता! त्याच फुलाच्या पैशानं घरावरचं गवत जाऊन कवेलू आले!" आन मी गावभर सांगत फिरलो, साळ्यानं देल्ले म्हणून!

मंग ती कोलूले म्हणे, "मामाजी, ज्याले फूल ओळखता येते, त्याले वेचता बी येते का नाई?" कोलू म्हणे, "येते." झाला निकाल!

तवापासून भाऊ, पहिला दोना माह्याच हातात. ठेकेदार सोता भरून देते, वाकून देते! बोट दाखवाची कोनाची हिंमत नाई!… फक्त चैत लागला का कोंबडा आरवाच्या आधी सुगंधा हातात टोपली देते आन मी वाकून वाकून झाडाखालचं एकेक फूल वेचतो. आन बांधावरून जाणारे एकमेकाले सांगतात, "पाय वाजवू नको बा, लटारूचं अस्वल आलं आहे."